ख्रिस्ती तारणात सत्कर्मांची जागा कोणती?

मिरजेचं वानलेस रुग्णालय, केडगावचं मुक्ती मिशन, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मिशनच्या शाळा. महाराष्ट्रात ख्रिस्ती नसलेल्या माणसाची या धर्माशी पहिली ओळख बहुधा अशा कामांतून होते. मग आपण मनाशी एक हिशेब मांडतो: ही मंडळी एवढी सेवा करतात ती स्वर्ग मिळावा म्हणून, जितकी सेवा जास्त, तितकं पुण्य जास्त. आणि एखाद्या दिवशी ख्रिस्ती शेजारीच सांगतो, "सत्कर्मांनी तारण होत नाही हो, विश्वासाने होतं." इथे आपण अडखळतो. सत्कर्मांनी काही होत नसेल, तर ही रुग्णालयं बांधली कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि तो फक्त बाहेरच्यांना पडतो असंही नाही. ख्रिस्ती लोकांनी आपसात यावर शतकानुशतकं वाद घातला. सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातली ख्रिस्तसभा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी दुभंगली, तेव्हा भांडणाच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न होता. पण वाद नेमका कुठे आहे आणि कुठे नाहीच, हे कळायला आधी सगळ्यांना मान्य असलेला क्रम लक्षात घ्यावा लागतो. बहुतेक घोटाळा हा क्रम उलटा लावल्याने होतो. तेव्हा पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी पापाची. तारण म्हणजे सुटका. पापापासून आणि पापामुळे देवापासून जे कायमचं दुरावणं होतं त्यापासून. पाप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाईट कृत्यांची यादी येते: खोटं बोलणं, चोरी, फसवणूक. नुसती यादीच असती, तर तिच्यासमोर चांगल्या कृत्यांची यादी मांडून वजाबाकी करता आली असती. ख्रिस्ती शिकवणीत मात्र पाप ही आधी एक अवस्था आहे, वाईट कृत्यं त्या अवस्थेतून निघतात. माणसाचं मन देवाकडे पाठ करून स्वतःकडेच वळलेलं आहे. या जन्मजात अवस्थेला 'मूळ पाप' म्हणतात. अशा मनातून दानधर्मही होतो, पण त्यातही नाव व्हावं ही इच्छा नाहीतर शिक्षेची भीती शिरलेली असते. डाग पुसायला घेतलेलं फडकंच मळलेलं, तर पुसून पुसून डाग पसरतोच.

म्हणून पहिल्याच पायरीवर एक गोष्ट ठरून जाते. माणूस स्वतःच्या कर्तबगारीवर सुटू शकत नाही. हे कॅथलिकांना मान्य आहे, प्रॉटेस्टंटांना मान्य आहे. वाद इथे नाही.

दुसरी पायरी कृपेची. माणसाला सुटता येत नाही, तर पुढाकार देवाने घ्यायला हवा. तो त्याने येशू ख्रिस्ताच्या रूपाने घेतला, त्याच्या क्रुसावरच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने, असा हा विश्वास आहे. ज्याची पात्रता नाही त्याला फुकट मिळालेली ही मेहेरबानी म्हणजे कृपा. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूने यावर द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली आहे. मालक पहाटे मजूर बोलावतो, मग दिवसभर अधूनमधून आणखी बोलावतो, शेवटचे तर दिवस मावळायला तासभर असताना. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर तेवढाच एक दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. रोजंदारीचा हिशेब कळणाऱ्या कुणालाही ती कुरकुर पटेल. गोष्टीचा उद्देशच तो आहे: मजुरीच्या हिशेबाने वाचलं की ती अन्यायाची वाटते.

या पायरीवरची नेहमीची चूक म्हणजे 'अर्धं आपण करायचं, उरलेलं देव करील' असं समजणं. चौथ्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनहून रोमला आलेल्या पेलागियस नावाच्या तपस्व्याची भूमिका याही पुढची होती. माणसाला देवाने इच्छाशक्ती दिली आहे, आज्ञा दिल्या आहेत. मनावर घेतलं तर तो त्या पाळू शकतो, असं तो शिकवत असे. रोममधल्या ख्रिस्ती लोकांचं सैल वागणं पाहून तो वैतागला होता, हेही लक्षात घ्यायला हवं. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला उत्तर दिलं उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या गावच्या बिशप ऑगस्टीनने (354–430). त्याचं म्हणणं असं की चांगलं वागावंसं वाटणं हीसुद्धा कृपाच. ती आपण कमावलेली नाही. 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. म्हणजे 'सत्कर्मं करा आणि स्वर्ग मिळवा' हे मत, जे आपण सहज ख्रिस्ती धर्माच्या नावावर घालतो, ते ख्रिस्तसभेने सोळाशे वर्षांपूर्वीच चुकीचं ठरवलेलं आहे.

तिसरी पायरी विश्वासाची. कृपा देऊ केली, ती घ्यायची कशी? विश्वासाने. पण विश्वास म्हणजे काय, हे आधी उलगडून घेऊ. जुन्या शिक्षकांनी त्याचे तीन पदर सांगितले आहेत. पहिला, काय घडलं ते ठाऊक असणं. दुसरा, ते खरं आहे हे मान्य असणं. तिसरा, त्यावर स्वतःला सोपवणं. पहिले दोन असून तिसरा नसेल तर ती नुसती माहिती झाली. याकोबाच्या पत्रात तर एक बोचरा टोला आहे: देव एकच आहे हे भुतांनाही मान्य आहे, आणि ती थरथर कापतात! भुतांचं मत बरोबर आहे, पण तारण काही झालेलं नाही.

इथे दुसरीही एक चूक होते आणि ती धार्मिक माणसांकडूनच जास्त होते. विश्वासालाच एक मोठं सत्कर्म समजायचं. 'मी एवढा दृढ विश्वास ठेवला, म्हणून देवाने मला स्वीकारलं' असं म्हटलं की गाडी फिरून कमाईवरच आली. ख्रिस्ती शिकवणीत विश्वास म्हणजे घेण्यासाठी पुढे केलेला रिकामा हात. हात पुढे केला म्हणून देणाऱ्यावर उपकार होत नाहीत.

चौथी पायरी म्हणजे 'नीतिमान ठरणं'. पापी माणूस देवापुढे निर्दोष, योग्य, आपला असा गणला जातो, त्याला मराठी बायबलच्या भाषेत नीतिमान ठरणं म्हणतात. हे चित्र कोर्टातलं आहे: आरोपी उभा आहे आणि निकाल त्याच्या बाजूने लागतो. कॅथलिक परंपरेत या पायरीवर बाप्तिस्म्याला, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षासंस्काराला, मध्यवर्ती जागा आहे. प्रॉटेस्टंटांतले लुथरपंथीही बाप्तिस्म्याला कृपेचं साधन मानतात. काही प्रॉटेस्टंट पंथांत मात्र आधी विश्वास, मग त्याची जाहीर खूण म्हणून बाप्तिस्मा, असं धरतात.

या पायरीचं टोकाचं उदाहरण लूकच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. येशूशेजारी क्रुसावर टांगलेला एक गुन्हेगार, आपण केल्याचं फळ भोगतो आहोत हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणारा, मरता मरता येशूला म्हणतो की मला विसरू नका. त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळतं. त्याने ना कुणाला जेवू घातलं, ना कुणाची भरपाई केली. हातच खिळलेले होते. एवढ्यावर तारण होऊ शकतं, हे या प्रसंगातून दिसतं. पण यावरून 'मग जन्मभर काहीही करा आणि शेवटच्या घटकेला विश्वास ठेवा' असा निष्कर्ष काढणारे ज्या सवलतीवर बोट ठेवतात, ती त्या माणसाने मागून घेतलेली नव्हती. त्याच्याकडे वेळच उरला नव्हता.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांची पाचवी पायरी: सत्कर्म. याच लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहो गावच्या जक्कयाची कथा आहे. हा जकातदारांचा मुख्य, रोमन सत्तेसाठी वसुली करता करता गबर झालेला. बुटका असल्यामुळे गर्दीत येशू दिसेना म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. येशू खाली थांबून त्याला म्हणाला की आज तुझ्या घरी उतरणार. लोकांत कुजबुज सुरू झाली, हा पाप्याच्या घरी पाहुणा जातो! मग जक्कयाने जाहीर केलं: माझी निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत.

यातला क्रम बघा. 'आधी चौपट परत कर, मग तुझ्याकडे जेवायला येतो' असं येशू म्हणाला नाही. आधी आला. पण जक्कय नुसता आनंदून बसला असता आणि लुबाडलेला पैसा तिजोरीतच राहिला असता, तर ही कथा कुणी लिहून ठेवली असती का? तारण आज या घराला मिळालं आहे, हे येशूचं बोलणं जक्कयाच्या घोषणेनंतर येतं. पैसे दिले म्हणून तारण झालं असं नव्हे. तारण झालं हे पैसे सुटले त्यावरून कळलं.

नीतिमान ठरल्यानंतर माणूस हळूहळू आतून बदलत जातो, त्याला 'पवित्रीकरण' म्हणतात. ठरणं हे एका घटकेत, बदलणं आयुष्यभर, असं प्रॉटेस्टंट परंपरा सांगते. कॅथलिक परंपरा या दोहोंमध्ये रेघ मारत नाही. हा फरक लक्षात ठेवा. पुढच्या भांडणाची किल्ली तोच आहे.

आता या विषयातली सगळ्यात अवघड गाठ. पौल आणि याकोब, बायबलच्या नव्या करारात ज्यांची पत्रं आहेत असे दोन आद्य ख्रिस्ती शिक्षक. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की माणूस यहुदी नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. दोघं एकाच नव्या करारात, थोड्या पानांच्या अंतरावर. त्यातही दोघांनी दाखला एकाच माणसाचा दिला आहे, अब्राहामाचा, आणि बायबलच्या पहिल्या पुस्तकातली एकच ओळ दोघांनी घेतली आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं की यातला एक तरी चुकतोय.

ही गाठ सोडवायला अब्राहामाच्या आयुष्यातल्या तारखा लावून बघाव्या लागतात. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात मूलबाळ नसलेल्या अब्राहामाला देव आकाशातले तारे दाखवतो आणि एवढी तुझी संतती होईल असं सांगतो. अब्राहाम विश्वास ठेवतो आणि ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणलं जातं. सोळाव्या अध्यायात इश्माएल जन्मतो, तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा. सतराव्या अध्यायात सुंतेची आज्ञा येते, तेव्हा तो 99 वर्षांचा. म्हणजे नीतिमान गणला जाणं आणि सुंता यांत निदान तेरा वर्षांचं अंतर आहे. पौलाचा सगळा युक्तिवाद या अंतरावर उभा आहे. सुंता नसतानाच अब्राहाम नीतिमान ठरला, तर यहुदी नसलेल्यांनी आधी सुंता करावी असा आग्रह का?

कारण पौलापुढचा प्रश्न तोच होता. अंत्युखियाच्या मंडळीत यहुदी आणि परराष्ट्रीय ख्रिस्ती एका पंगतीला जेवत. यरुशलेमहून काही जण आल्यावर येशूचा शिष्य पेत्र त्या पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, हे त्याने स्वतःच गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलं आहे. पंगतीतली शिवाशिव काय असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. पौल ज्या कर्मांना विरोध करतो ती, अनेक अभ्यासकांच्या मते, मुख्यतः ही: सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, सणवार; 'आम्ही वेगळे' हे दाखवणाऱ्या खुणा. गेल्या अर्धशतकात, विशेषतः ई. पी. सँडर्स यांच्या 1977 सालच्या पौलावरील ग्रंथानंतर, अभ्यासकांनी या संदर्भाकडे पुन्हा लक्ष वेधलं. यहुदी धर्म म्हणजे नुसती पुण्याची कमाई, हे जुनं चित्र त्यामुळे बरंच पुसलं गेलं, आणि ते पुसलं गेलं हे बरंच झालं.

याकोब मात्र अब्राहामाच्या आयुष्याचं दुसरं पान उघडतो. इसहाक जन्मला, होमाची लाकडं पाठीवर वाहण्याइतका मोठा झाला, आणि देवाने त्याचा बळी मागितला. अब्राहाम निघाला. तो उत्पत्तीचा बाविसावा अध्याय. ताऱ्यांच्या रात्री ठेवलेला विश्वास खरा होता की नुसता शब्द, हे त्या डोंगरावर कळलं. ती जुनी ओळ तिथे पूर्ण झाली, असं याकोब म्हणतो. पौल विचारतो, अब्राहाम आत शिरला कशाने? याकोब विचारतो, तो खरंच आत होता हे दिसलं कशाने? प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरंही दोन.

याकोबापुढची माणसंही वेगळी आहेत. ती सुंतेसाठी हटून बसलेली नाहीत. ती तोंडाने विश्वास सांगतात आणि हात हलवत नाहीत. अंगावर कपडा नसलेल्या, उपाशी बहीणभावाला कुणी 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' एवढंच म्हटलं आणि दिलं काहीच नाही, तर त्याचा काय उपयोग, असं तो विचारतो. असल्या विश्वासाला त्याने सरळ मेलेला म्हटलं आहे. पौलही याच्या आड येत नाही. प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वासच कामाचा, असं तो त्याच गलतीकरांस पत्रात पुढे लिहितो. सुंतेसाठी हटून बसलेल्याला याकोबाचं आणि आळशाला पौलाचं औषध दिलं की दुखणं वाढतं. अनेक प्रवचनं इथेच चुकतात.

आता सोळावं शतक. त्या काळच्या चर्चमध्ये पाप कबूल केलं की क्षमा मिळे, पण त्या पापाची भरपाई म्हणून उपास, प्रार्थना, यात्रा असं काही शिल्लक राही. ती इथे पुरी झाली नाही तर मेल्यावर शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होण्याच्या अवस्थेत, पुरी करावी लागे. ही शिल्लक भरपाई माफ करण्याचा अधिकार चर्च वापरी. तत्त्वतः ती पापाची क्षमा नव्हती, दंडाची माफी होती. पण जर्मनीत योहान टेट्झेल नावाचा संन्यासी माफीपत्रं घेऊन गावोगाव फिरू लागला, तेव्हा बाजारातल्या माणसाला एवढा बारकावा कळणार कसा? पैसे टाका, आत्मा सोडवा, असंच त्याला ऐकू आलं. जमलेल्या पैशांतला निम्मा भाग रोममधल्या सेंट पीटरच्या नव्या मंदिरासाठी जाई. उरलेल्यातून मेन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांचं फुग्गर पेढीचं कर्ज फिटत होतं.

31 ऑक्टोबर 1517 रोजी विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या मार्टिन लुथरने याविरुद्ध पंचाण्णव मुद्दे काढून याच आर्चबिशपना पाठवले. 'केवळ विश्वासाने' ही त्याची शिकवण त्या मुद्द्यांत अजून नीट आलेली नाही. ती पुढच्या तीनचार वर्षांत स्पष्ट झाली. देव ख्रिस्ताचं नीतिमत्त्व माणसाच्या नावावर लावतो, माणूस आतून अजून पापीच असतो, पण देवाच्या निकालात नीतिमान असतो, असं तो म्हणे. हा लुथर मोठ्या जिद्दीचा आणि तितकाच एककल्ली. याकोबाचं पत्र त्याला इतकं खटकलं, की 1522 सालच्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला पेंढ्याच्या मोलाचं ठरवलं आणि अनुक्रमात पार शेवटाकडे ढकललं. पण याच लुथरने 1520 साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तिकेत सांगितलं आहे की विश्वासाने मोकळा झालेला माणूस शेजाऱ्याची सेवा आपणहून करतो, कारण त्याला आता त्यातून स्वतःसाठी काही मिळवायचं नसतं. माझ्या मते लुथरचं यावरचं सगळ्यात चांगलं बोलणं हेच आहे.

कॅथलिक चर्चने उत्तर दिलं ते उत्तर इटलीतल्या ट्रेंट या गावी भरलेल्या परिषदेत. 13 जानेवारी 1547 च्या सहाव्या बैठकीत या विषयावर ठराव झाला, त्यात 33 निषेधवचनं आहेत. त्यातलं पहिलंच काय आहे? ख्रिस्ताच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल, त्याचा धिक्कार असो. 'कॅथलिक कर्मांनी तारण मानतात' हे प्रॉटेस्टंट वाड्यावस्त्यांत अजून सर्रास ऐकू येतं. ते या एका वचनापुढे टिकत नाही. पण नववं निषेधवचन 'केवळ विश्वासाने' या म्हणण्याविरुद्ध आहे. ट्रेंटच्या मते देव माणसाला नुसतं नीतिमान ठरवत नाही, आतून तसा करतो. विश्वासाबरोबर आशा आणि प्रीतीही ओततो. मग त्या कृपेच्या बळावर केलेल्या सत्कर्मांनी ते नीतिमत्त्व वाढतं आणि त्या कर्मांना देव खरोखर फळ देतो. जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने ते गमावताही येतं. मग पापनिवेदनाचा संस्कार घेऊन परत यावं लागतं.

म्हणजे भांडण उरलं ते एवढ्यावर: निकाल आणि बदल या दोन गोष्टी की एक, आणि कृपेने केलेल्या कर्मांना 'पुण्य' म्हणायचं की नाही. बाकी कृपा आधी, हे दोघांचंही. आणि खरा विश्वास सत्कर्मांवाचून राहत नाही, हे प्रॉटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिननेही ठासून सांगितलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी कोर्टाचं चित्र फारसं वापरलंच नाही; त्या माणसाच्या हळूहळू दैवी जीवनात सहभागी होण्याची भाषा बोलतात, आणि त्यांच्याकडे हा वाद असा पेटला नाही.

31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या लायकीमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असा त्याचा आशय. 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड चर्चेसचा जागतिक संघही त्यात आला. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण या मुद्द्यावरचे जुने धिक्कार आजच्या एकमेकांना लागू होत नाहीत, असं दोन्ही बाजूंनी लिहून दिलं. पावणेपाचशे वर्षांच्या भांडणानंतर हे थोडं नव्हे.

शेवटची पायरी न्यायाची, आणि तिथे अनेकांना वाटतं की आता सगळं उलटलं. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा लोकांना मेंढरं आणि शेरडं अशा दोन बाजूंना उभं करतो, आणि विचारतो ते फक्त कामांचं: भुकेल्याला जेवण, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. कॅथलिक परंपरेने यात मृतांना मूठमाती देणं मिळवून शारीरिक दयेची सात कृत्यं केली. हे सातवं तोबीतच्या पुस्तकातून आलं, जे प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या मिझेरिकॉर्दिया या मंडळाचं ब्रीद हीच कृत्यं होती.

मग विश्वास गेला कुठे? उताऱ्यातल्या नीतिमानांचं उत्तर वाचा. ते बुचकळ्यात पडतात: आम्ही तुम्हाला कधी जेवू घातलं? त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. स्वर्गासाठी कामं करणाऱ्याने सगळं लिहून ठेवलं असतं. न्याय कामांवरून होतो, असं पौलही रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतोच. कामं हा न्यायालयापुढचा पुरावा आहे, सुटकेची किंमत नव्हे.

पुरावाच नसेल तर? नाझी राजवटीत मारला गेलेला लुथरन पाळक डीट्रिख बॉनहॉफर याने 1937 सालच्या पुस्तकात आपल्याच लोकांना याबद्दल धारेवर धरलं. पश्चात्ताप नको, शिष्यत्व नको, नुसती क्षमा हवी, या वृत्तीला त्याने स्वस्त कृपा म्हटलं. 'केवळ विश्वासाने' म्हणणाऱ्या परंपरेच्या आतून आलेली ही टीका आहे, म्हणून तिचं वजन जास्त.

हे सगळं एका मराठी आयुष्यात बघायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडे (1858–1922) जावं. इंग्लंडमध्ये असताना वाँटेज गावच्या ख्रिस्ती संन्यासिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला आपलं काम बघायला पाठवलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे मायेने काळजी घेतली जात होती. असं का करता, हे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांना आधी दिसलं ते सत्कर्म, आणि त्यावरून त्या त्याच्या उगमाकडे गेल्या.

गोष्ट इथे संपत नाही. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवलं. आणि तरीही 1907 सालच्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी त्यांना कळून चुकलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. काम उत्तम चाललं होतं, बाप्तिस्मा झाला होता, मतं पक्की होती. स्वतःला सोपवणं राहिलं होतं. तिसरा पदर. तो जुळल्यावर सेवा थांबली का? 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली केडगावला आणल्या. बाहेरून बघणाऱ्याला आधीचं काम आणि नंतरचं काम यांत फरक दिसला नसता. त्यांच्या स्वतःच्या लेखी तो मोठा होता.

मुळातून वाचायचं असेल तर मराठी बायबल घेऊन असं वाचावं: आधी उत्पत्तीचा पंधरावा अध्याय, मग रोमकरांस पत्राचा चौथा, मग याकोबाच्या पत्राचा दुसरा आणि शेवटी मत्तयचा पंचविसावा. एका बैठकीत होतं. त्याबरोबर इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठ, नऊ आणि दहा ही तीन वचनं बघा. पहिली दोन, तारण कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, ही फार प्रसिद्ध आहेत. पत्रकांवर बहुधा तेवढीच छापतात. देवाने आपल्याला सत्कर्मं करण्यासाठीच घडवलं, हे दहाव्यात आहे. नववं वाचून पान मिटू नका.